सव्वीसचा आकडा

१९ जुलै

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू पत्र न उघडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता खोलीतल्या मुलाकडून लिहून घेतला. म्हणजे सुरुवातच लबाडीने झाली. पण आता उघडलंच आहेस तर वाच.

फोन उचलत नाहीस, ते ठीकच आहे. उचललास तरी मी 'सगळं मजेत' म्हणणार आणि तू 'तुझं काही खरं नसतं' म्हणून ठेवून देणार. तुझ्या सासूबाईंसमोर दारात उभी राहून तू ते म्हणालीस, तेव्हा भावजी पेपरमध्ये तोंड घालून बसले होते. कितीतरी महिने मी तुझ्या हातचा डबा घेऊन सकाळी बाहेर पडत होतो आणि कॉलेजमधून माझं नाव तर कधीच कमी झालं होतं. डबा मी बागेत बसून खायचो. आधीच्या वेळी शिक्षण अर्धवट सोडलं तेव्हा निदान सांगितलं तरी होतं. दुसऱ्या वेळी तेही नाही.

तर सांगायचं म्हणजे, मी पुन्हा शिकतोय. हसू नकोस. दुसरं वर्ष चालू आहे. तुला मुद्दामच कळवलं नव्हतं, कारण पहिलं वर्ष पार पडेल याची मलाच खात्री नव्हती.

श्वासोपचार. इंग्रजीत रेस्पिरेटरी थेरपी. आईला अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारी सांगते, 'तो दवाखान्यात हवेचं काम करतो.' तसं ते अगदी चूकही नाही. ज्यांना श्वास घेता येत नाही त्यांना मशीनवर ठेवायचं, मशीन लावायचं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं, आणि जमेल तेव्हा माणसाला मशीनवरून उतरवायचं, हे आमचं काम. तुझ्याकडून निघाल्यावर मी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायच्या गाडीवर होतो. एकदा सिलिंडर उतरवताना अतिदक्षता विभागाच्या दारातून पाहिलं, एक बाई एका म्हातारीच्या कानाशी वाकून म्हणत होती, 'आजी, आता मी काही करणार नाही हं. आता तुमचं तुम्ही.' आणि म्हातारीची छाती आपली आपण वर आली. मला वाटलं त्या डॉक्टर असतील. नव्हत्या. त्याच आता आमच्या मॅडम आहेत.

वर्गातली पोरं माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. मला 'काका' म्हणतात. आधी राग यायचा, आता हाक ऐकू आली नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

मंगळवारी आमची सिगारेट सोडवायची ओपीडी असते. तिथे एक छोटं यंत्र आहे. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि त्यात हळूहळू फुंकायचं. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याचा आकडा दिसतो. न ओढणाऱ्याचा दोन, तीन, फार तर पाच. ओढणाऱ्याचा वीस-तीस. आम्ही त्याला चुगलखोर म्हणतो. माणूस कितीही शपथा घेऊ दे, ते खरं सांगून टाकतं.

माझ्याकडे एक सलूनवाला येतो. पन्नाशीचा, मिशी अशी की दुकानाला वेगळी पाटी नको. मी त्याला काका म्हणतो. पोरं मला काका म्हणतात हे ऐकून तोही मला काका म्हणायला लागला. आमचं बोलणं ऐकून रांगेतली माणसं हसतात. पहिल्यांदा आला तेव्हा आकडा एकतीस होता. गेल्या मंगळवारी अकरा. यंत्र तो माझ्या हातातून ओढून घेतो आणि बायकोला दाखवतो. त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, 'तू कधी ओढलीस का रे काका? का नुसतं पुस्तकातलं सांगतोस?' मी म्हणालो, 'ओढायचो. सोडून दोन वर्षं झाली.' त्यावर म्हणाला, 'मग तुझं ऐकतो.'

या शुक्रवारी एक गंमत झाली. मॅडम म्हणाल्या, रोग्यांना फुंकायला सांगता, आधी स्वतः फुंका. सगळे एकेक करून फुंकत गेले. एक, दोन, दोन, तीन. माझा सव्वीस आला. पोरं माझ्याकडे वळली. मग मी यंत्र तपासायच्या गॅसचं बारकं सिलिंडर उचललं. त्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती, म्हणजे यंत्राच्या आकड्यांचाही भरवसा नाही. सिलिंडर म्हणजे माझा विषय, हे सगळ्यांना माहीत. मॅडमनी तारीख पाहिली आणि त्याच मिनिटाला यंत्र बंद करून कंपनीकडे तपासायला पाठवायला सांगितलं.

एवढंच. यंत्र बिघडलेलं होतं.

आईला तुझी आठवण येते. मलाही.

तुझा धाकटा


८ ऑगस्ट

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

पाऊस उघडला आहे. हॉस्टेलच्या गच्चीवर अ‍ॅप्रनची रांग लागलेली असते. त्यातला कडक, करकरीत दिसतो तो एकीचाच. तिला आम्ही इस्त्री म्हणतो. वर्गात पहिली. विभागातल्या यंत्रांची देखभाल तिच्याकडे होती. दर सोमवारी ती ते चुगलखोर यंत्र तपासून ठेवायची. 'होती' म्हणतोय, कारण आता मॅडमनी ते काम तिच्याकडून काढून घेतलं.

तिचं म्हणणं, नवीन सिलिंडर तिने भांडारात मागितलं होतं, ते आलं नाही, आणि जुन्यानेही आकडे बरोबर येत होते. मॅडम म्हणाल्या, 'मुदत संपलेलं वापरलंस की नाही?' ती म्हणाली, 'वापरलं.' 'मग झालं तर.' मॅडम आवाज चढवत नाहीत. त्यामुळे जास्त लागतं.  संध्याकाळी इस्त्री जिन्यात मला भेटली आणि म्हणाली, 'काका, मी खरंच तपासलं होतं हो. तुमचाच आकडा असा कसा आला?' मी म्हणालो, 'होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस.'

तिची चूक होतीच ना, ताई? मुदत संपलेलं वापरू नये, हे तर पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

यंत्र नाही म्हणून मंगळवारची ओपीडीही नुसती बोलण्यापुरती उरली. बरेच जण यायचे बंद झाले. सलूनवाला मात्र आला. दुकान पोराच्या हवाली करून, धुतलेला शर्ट घालून. 'आज एक आकडी येणार,' म्हणत आत शिरला. मी सांगितलं की यंत्र दुरुस्तीला गेलं आहे.

'म्हणजे आज फुंकायचं नाही?'

'नाही. पण बोलू ना आपण. कसं चाललंय?'

तो बसला. बोलला. पण एक डोळा सारखा रिकाम्या टेबलाकडे. जाताना म्हणाला, 'काका, मला दुसरं काही कळत नाही रे. पुस्तकात फुप्फुसाची चित्रं दाखवता, ती आपली चित्रंच. तो आकडा उतरला की कळायचं आपण काहीतरी करतोय.' मग दारात थांबून विचारलं, 'पण बिघडलेलं होतं तर माझा अकरा खरा होता का?'

 तेवढ्यात पुढच्या माणसाला बोलावलं गेलं.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाजारात त्याची बायको भेटली. मी न थांबता पुढे जाणार होतो, पण तिनेच हाक मारली. 'ते म्हणतात, यंत्रच खोटं होतं तर मी उगाच मन मारत होतो. पुन्हा सुरू केली.' तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हवापाण्याचं बोलावं तसं बोलली.

मी तिला म्हणालो, यंत्र लवकरच येईल.

अभ्यास जोरात आहे. जेवण ठीक. जेवणानंतर मी जनरेटरच्या खोलीमागे थोडा वेळ एकटा हवा खायला जातो, तेवढीच मोकळीक.

तुझा धाकटा


३ सप्टेंबर

ताई,

मागच्या दोन्ही पत्रांत मी तुला खोटं लिहिलं. तुला वाचताना कळलंच असेल. तुला नेहमीच कळतं. जनरेटरच्या खोलीमागे मी हवा खायला जात नाही.

यंत्रात काही बिघाड नव्हता. त्या शुक्रवारी वर्गात यायच्या आधी मी दोन ओढल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सोडली, हे सलूनवाल्याला सांगितलेलंही खोटं. सोडायची असं दोन वर्षं ठरवतोय, एवढंच. सव्वीस आल्यावर सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मीच त्यांना महिनाभर आधी व्यासपीठावर उभं राहून सिगारेट कशी सोडवावी ते सांगितलं होतं. त्या क्षणी मला तुझ्या घराचा दरवाजा दिसला. आणि हात सिलिंडरकडे गेला.

आणखी एक. त्या सिलिंडरची मुदत उलटली आहे, हे मी आठवडाभर आधीच पाहिलं होतं. इस्त्रीला सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. सांगितलं नाही. का नाही, याचा मी खूप विचार केला. कधीतरी कामाला येईल म्हणून ठेवून दिलं, असंच उत्तर येतं. दुसरं काही बरं उत्तर सापडत नाही.

हे आज लिहायचं कारण, परवा सलूनवाला आमच्या वॉर्डात आला.

स्ट्रेचरवर बसूनच आला. त्याला आडवं होता येत नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानापर्यंत, ओठ निळसर. छातीत कफ झाला होता आणि वरून सिगारेट. रक्ताची तपासणी आली, त्यात कार्बन डायऑक्साइड साचलेला. असा माणूस हळूहळू गुंगीत जातो आणि मग श्वास घ्यायचंच विसरतो. डॉक्टर म्हणाले, आधी मास्क लावून बघू. चेहऱ्यावर घट्ट मास्क बसवतात आणि मशीन प्रत्येक श्वासाला मागून ढकलतं. तासाभरात जमलं तर ठीक. नाही तर घशातून नळी घालून व्हेंटिलेटरवर. त्याच्यासारखी फुप्फुसं असली की व्हेंटिलेटरवरून उतरणं अवघड जातं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही बहुतेक ठाऊक असावं.

ड्युटी माझी होती. मॅडम शेजारच्या खाटेवरच्या रोग्यापाशी. म्हणाल्या, 'काका, तू लाव. मी बघते आहे.' त्यासुद्धा आता काका म्हणतात.

मी मास्क लावला आणि मशीन ओरडायला लागलं. हवा गळत होती. पट्टे आवळले, मास्क बदलला, तरी तेच. त्याच्या मिशीतून सगळी हवा बाहेर. त्याने डोळे उघडले आणि मला ओळखलं. बोलता तर येत नव्हतं. मी मास्क बाजूला केला, नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली आणि म्हणालो, 'काका, मिशी काढावी लागेल.'

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बायकोकडे. तिने लगेच मान हलवली. तरी तो क्षणभर थांबला आणि मगच डोळे मिटले. मी त्याला होकार समजलो.

वॉर्डात असतं ते हलकं रेझर.  आयुष्यभर दुसऱ्यांच्या गालावर वस्तरा फिरवणाऱ्या माणसाची दाढी मी करत होतो आणि ती मला येत नव्हती. एकदा कापलं. त्याने डोळे न उघडताच माझं मनगट पकडलं, रेझर थोडं आडवं केलं आणि हात तसाच माझ्या मनगटावर ठेवला. दर चार-पाच श्वासांनी मी थांबायचो, कारण त्याला धाप लागायची. बायकोने पदराने ओठावरचं रक्त टिपलं.

मग मास्क बसला. मशीनचा आवाज बदलला. मी पट्टे नुसते लावून सोडले नाहीत, हाताने मास्क धरून बसलो, कारण असा मास्क तोंडावर आला की माणसाला गुदमरल्यासारखं होतं आणि तो ओढून काढतो. मी त्याला म्हणत राहिलो, 'घ्या. सोडा. भांडू नका मशीनशी. त्याला ढकलू द्या.' तो माझ्या डोळ्यांत बघत होता. कुठे बघू हे मला कळेना. ज्याच्यामुळे तो इथे आला त्याच्याच तोंडाकडे बघून तो श्वास घेत होता.

पुढची तपासणी बरी आली. नळीची गरज पडली नाही. त्याच्या बायकोने माझे हात हातात घेतले. म्हणाली, 'तुम्ही होतात म्हणून.' ताई, तू दारात जे बोललीस ते मी कसंतरी सहन केलं होतं. हे सहन होत नाही.


१० सप्टेंबर

ताई,

मॅडमना सांगितलं.

त्या खोलीत एकट्या होत्या, जेवणाचा डबा उघडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी डबा बंद केला. कंपनीचा कागद टेबलावरच पडला होता: यंत्रात दोष आढळला नाही. म्हणाल्या, 'हा गेल्या आठवड्यात आला. मी वाट बघत होते.'

'कशाची?'

'तू आज जे करतोयस त्याची. अजून दोन दिवस बघितलं असतं, मग मीच बोलावलं असतं.'

मी विचारलं, सलूनवाल्याचं जे झालं ते माझ्यामुळे का. त्या खरं तेच सांगणाऱ्या आहेत. म्हणाल्या, 'माहीत नाही. त्याची फुप्फुसं आधीच खराब होती, कफ झाला होता. कदाचित तसाही आला असता. कदाचित नसता. याच्यापेक्षा नक्की उत्तर तुला कोणी देणार नाही आणि तू स्वतःलाही देऊ नकोस. ना सुटकेचं, ना शिक्षेचं.' मग म्हणाल्या, 'उद्या तू कोणाच्या तरी व्हेंटिलेटरचे आकडे लिहिशील. तुझ्या हातून काही चुकलं आणि तू म्हणालास मशीनची चूक, तर माणूस जाईल. मला सिगारेटचं काही वाटत नाही. मला याचं वाटतं.'

समितीपुढे उभं केलं. काढून टाकलं नाही. वॉर्डातलं हे सत्र रद्द झालं, ते पुन्हा करायचं. म्हणजे पोरं पास होऊन जातील आणि मी मागच्या वर्गाचा काका होईन. ओपीडीत रोग्यांना सल्ला द्यायचा नाही. उलट मंगळवारी रांगेत, रोग्यांच्या बाकावर बसायचं. नाव नोंदवून. हे मॅडमनी सुचवलं.

वर्गात सगळ्यांसमोर बोललो. सोपं नव्हतं, पण खरं अवघड त्यानंतर होतं. इस्त्री बाहेर थांबली होती. मला वाटलं भांडेल. ती हळू आवाजात म्हणाली, 'त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. औषधाची बाटली, बसचं तिकीट. खोलीचं कुलूप लावून जिन्यातून परत वर जाते. आईला वाटतं मला काहीतरी झालंय. मलाही तसंच वाटत होतं.' मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, 'आत्ता नको,' आणि गेली.

मग सलूनवाला. मॅडम म्हणाल्या होत्या की त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव, पण सांगणार असशील तर तो घरी जायच्या आधी सांग, पाठीमागून नको. तो खाटेवर बसून पेज पीत होता. बायको औषधं आणायला गेली होती. मी स्टूल ओढून सगळं सांगितलं. त्याचा अकरा खरा होता, हे सगळ्यात आधी सांगितलं. मग माझा सव्वीसही खरा होता, ते.

त्याने वाटी खाली ठेवली. मोकळ्या ओठावरून बोट फिरवलं, जिथे मी कापलं होतं तिथे खपली धरली होती.

'म्हणजे तू सोडलीच नव्हतीस.'

'नाही.'

'मी पोरांना सांगायचो, तिथे एक जण आहे, त्याने सोडली, मग मला का नाही जमणार.'

मी मान खाली घालून बसलो.

'मिशी येईल परत,' तो म्हणाला. 'तिचं काही नाही. तू जा आता. संध्याकाळी मास्क लावायला दुसऱ्या कोणाला तरी पाठव.'

संध्याकाळी इस्त्री गेली. मी जिन्यात बसून राहिलो. तुला फोन लावावासा वाटला, लावला नाही. तू उचलला असतास तर काय बोललो असतो? हे पत्र टपालात टाकताना पत्ता माझ्याच अक्षरात आहे. न उघडता ठेवलंस तरी चालेल.


१४ ऑक्टोबर

ताई,

काल आईचा फोन आला. म्हणाली, 'ताईचा फोन होता. तुझ्याबद्दल काही बोलली नाही, पण विचारत होती, त्या सलूनवाल्याचं पुढे काय झालं. कोण रे हा सलूनवाला?'

म्हणजे तू वाचतेस.

माझ्याबद्दल विचारलं नाहीस, त्याच्याबद्दल विचारलंस, ते योग्यच आहे. म्हणून फक्त त्याचंच सांगतो. माझं त्यात येईल तेवढं येऊ दे.

तो बरा आहे. घरी गेला. जिना चढताना मध्ये एकदा थांबतो. पोराने दुकानात त्याच्यासाठी उंच स्टूल करून घेतलंय, बसून दाढी करता येईल असं. हे मला इस्त्रीकडून कळलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. यंत्रांचं काम मॅडमनी तिला परत दिलं. तिने ते घेतलं, पण आता तपासताना शेजारी एकाला उभं करून सही घेते.

मी मंगळवारी बाकावर बसतो. पहिल्या दिवशी ओळखीचे रोगी बघून हसले. एका म्हाताऱ्याने विचारलं, 'इकडे का बसलास रे डॉक्टर?' मी म्हणालो, 'आजोबा, मी डॉक्टर नाही आणि माझीही सुटलेली नाही.' तो सरकला आणि जागा दिली. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. लाज वाटते का? वाटते. रोज वाटते. सकाळी अ‍ॅप्रन घालताना वाटते, मागच्या वर्गातल्या पोरांनी नवीन म्हणून नाव विचारलं तेव्हा वाटली. पण आता ती लपवायला काही करावं लागत नाही, तेवढा एक त्रास कमी झालाय.

आज सलूनवाला आला. वॉर्डातून गेल्यापासून पहिल्यांदाच. मिशी अर्धी फुटली होती, शाळकरी पोरासारखी दिसत होती. बाकावर जागा फक्त माझ्या शेजारी होती. तो उभा राहिला. बायकोने हाताला धरून बसवलं आणि ती केसपेपर काढायला खिडकीशी गेली.

आम्ही दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होतो. तिथे फुप्फुसाचं ते चित्र लावलेलं आहे.

'सुटली का?' तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

'शुक्रवारपर्यंत सुटली होती.'

'म्हणजे?'

'शनिवारी एक ओढली.'

त्याने मग खिडकीकडे बघून घेतलं, बायको लांब आहे ना ते.

'माझ्याकडून रविवारी. दोन. पोरगा जेवायला गेला होता तेव्हा दुकानाच्या मागे.' मग हळूच, 'आज मंगळवार. यंत्रात दिसेल का रे?'

त्याने मला विचारलं, ताई. सगळं होऊनसुद्धा, जे माहीत असेल ते हा सांगेल, अशा आवाजात विचारलं.

'नाही दिसणार. एवढ्या दिवसांत उतरतं. तुमचाही चांगला येईल, माझाही.'

'मग तू आत काय सांगणार?'

'शनिवारी एक ओढली म्हणून.'

 आतून नाव पुकारलं. माझं होतं. मी उठायला लागलो तर त्याने माझ्या मांडीवर हात ठेवून खाली बसवलं.

'थांब. मी आधी जातो.'

'का?'

'तू आधी जाऊन खरं सांगितलंस, मग मला सांगावंच लागेल. तुझ्यामुळे सांगितल्यासारखं होईल. ते नको मला.'

तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून एकदा दम घेतला आणि माझ्या नावावर आत गेला. दार लोटलेलं होतं, पूर्ण बंद नव्हतं. इस्त्रीचा आवाज आला, 'तुमचा नंबर नंतर आहे ना हो?' आणि मग त्याचा, नेहमीचा, दुकानातला, रस्त्यापर्यंत ऐकू जाणारा आवाज: 'ताई, फुंकायच्या आधी सांगतो. रविवारी दोन झाल्या.'

त्याची बायको केसपेपर घेऊन परत आली. रिकामी जागा बघून मला म्हणाली, 'आत गेले का?'

'गेले.'

तिनेही ऐकलं असणार. ती त्याच्या जागेवर माझ्या शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि केसपेपरची घडी घालत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'आता तुमचा नंबर. जा.'

मी गेलो.

तुझा धाकटा